पहिल्या तासात सरकारने काय बोलावं?

जेलरोडची ॲडमिन

नमस्कार मंडळी. नाशिकरोडला जेलरोडवर आमची सोसायटी आहे. टँकरचा हिशोब ठेवायला म्हणून मी व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता, आता त्यावर टँकर सोडून सगळं येतं. निम्मी घरं प्रेसमधली, म्हणजे नोट प्रेस आणि सिक्युरिटी प्रेस. काही निवृत्त, काही अजून शिफ्टला जाणारी. एक कुटुंब देवळालीच्या तोफखान्यातलं, एकांचा जावई ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात. थोडक्यात, देशाच्या सुरक्षेचा विषय निघाला की आमच्याकडे प्रत्येकाला 'आतली' बातमी असते.

२०२५ चा मे महिना आठवा. ७ मेला देशातल्या २४४ जिल्ह्यांत नागरी संरक्षणाचा सराव होणार असं आधीच जाहीर झालं होतं. महाराष्ट्राच्या यादीत नाशिक, सिन्नर आणि मनमाड होते. नेमकं त्याच पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं. सकाळी उठून बघावं तर टीव्हीवर खरा हल्ला आणि ग्रुपवर सरावाची यादी. लोकांनी दोन्ही एकत्र कालवलं. यादी म्हणजे शत्रूच्या लक्ष्यांची यादी, असा अर्थ दुपारपर्यंत पक्का झाला, कारण तिच्याखाली कुणीतरी ओझर, देवळाली, एकलहरेचं वीजकेंद्र, दोन्ही प्रेस आणि मनमाडजवळचे इंधनाचे डेपो अशी पदरची भर घातली होती. ही ठिकाणं काही गुपित नाहीत, पण तशी ओळीने वाचली की पोटात गोळा येतोच.

मग दोन दिवसांत तो एटीएमचा मेसेज. 'दोन-तीन दिवस सगळी एटीएम बंद राहणार.' पीआयबीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या, फॅक्ट चेकने हे खोटं असल्याचं सांगितलं होतं. पण आमच्या ग्रुपवर तो खुलासा पोचला तोवर रांगा लागून बिटको चौकाजवळचं एक मशीन रिकामं झालं होतं. मेसेज टाकणारे काका म्हणाले, "बघा, बंद आहे की नाही?" आता त्यांना काय सांगणार? मशीन खरंच बंद होतं.

हे सगळं आत्ता उकरून काढायचं कारण वेगळं आहे. कुंभाच्या तयारीसाठी आमच्या प्रभागात एक बैठक आहे आणि 'अफवा आणि समाजमाध्यमं' यावर नागरिकांतर्फे मी बोलावं असं ठरलंय. पुढे पाठवण्याआधी विचार करा, खात्री करा, हे ऐकून आमचे कान किटलेत आणि ते सांगायला माझी गरज नाही. मला उलट्या बाजूने बोलायचंय. युद्ध असो, साथ असो, चेंगराचेंगरी असो, पहिल्या तासात सरकारने आमच्याशी काय बोलावं? कुणी बोलावं, कुठल्या भाषेत? देशपातळीवर याची काही रीत असते का? असेल तर आपल्याकडे ती कुठे अडते? कृपया 'लोकच मूर्ख आहेत' हे उत्तर नको. ते माझ्या घरातच मिळतं.

कांदा_निफाड

ताई, तुमची अफवा खालून वर गेली. आमची दिल्लीहून खाली आली, तेवढी ऐका.

८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी लागली, मुदत ३१ मार्च २०२४. लाल कांदा बाजारात यायला आणि दोर कापायला एकच गाठ पडली. भाव बसला. शेतकरी रोज एकच विचारायचा, बंदी कधी उठणार. अशात १८ फेब्रुवारी, रविवार. बातमी आली की मंत्र्यांच्या समितीने बंदी उठवायचं ठरवलं, तीन लाख टन निर्यातीला मोकळीक. हे काही कुणा पोराने व्हॉट्सॲपवर टाईप केलेलं नव्हतं. चॅनलवर होतं, पेपरात होतं, पुढाऱ्यांचे अभिनंदनाचे फोटो फिरत होते.

लासलगावला शनिवारी, १७ तारखेला, भाव होता १२८० रुपये क्विंटल. सोमवारी १९ ला १८०० निघाला. एका रविवारात चाळीस टक्के. आमच्या गल्लीत एकाने ट्रॉली भरून तयार ठेवली होती, ती नेलीच नाही. म्हणे आज अठराशे तर उद्या बावीसशे. आणि २० तारखेला ग्राहक व्यवहार खात्याचे सचिव रोहित कुमार सिंह सांगतात की बंदी उठलेली नाही, आहे तशीच आहे, ३१ मार्चपर्यंत राहणार. झालं. ट्रॉली दारात आणि भाव परत खाली.

पुढची गंमत. २२ मार्चला बंदी 'पुढील आदेशापर्यंत' वाढवली. २७ एप्रिलला सरकारचं पत्रक आलं की सहा देशांना ९९,१५० टन कांदा निर्यातीला परवानगी. बांगलादेश, यूएई, भूतान, बहरीन, मॉरिशस, श्रीलंका. आमच्याकडं परत पेढे. मग कळलं की हा नवा कांदा नव्हेच, आधी वेगवेगळ्या वेळी दिलेल्या परवानग्यांची बेरीज आहे. आकडा खरा, कागद खरा आणि त्यातून आमच्यापर्यंत पोचलेला अर्थ खोटा. हे कुठल्या खान्यात टाकायचं सांगा. बंदी खरोखर उठली ४ मेला, तीही टनाला ५५० डॉलर किमान भाव आणि ४० टक्के शुल्क लावून. त्या दिवशी आमच्या व्यापाऱ्याला बातमी दाखवली तर तो मोबाईलकडं बघेना. म्हणे डीजीएफटीची, म्हणजे परदेश व्यापार खात्याची, अधिसूचना दाखव, बातमी नको.

आता माझं म्हणणं. तुम्ही विचारता पहिल्या तासात काय बोलावं. मी म्हणतो तास मोजायचा कुणाच्या घड्याळावर? आमच्या बाबतीत बातमी रविवारी फुटली. तिचा खुलासा सोमवारी लिलाव सुरू व्हायच्या आत यायला पाहिजे होता. मंगळवारी आलेला खुलासा दिल्लीच्या हिशोबाने दीड दिवसात आला असंल, चपळाईच म्हणायची. आमच्या हिशोबाने एक अख्खा बाजार उलटून गेला. तुमच्या एटीएमचंही तेच. मशीनमधली रोकड संपायच्या आत खुलासा आला तर तो खुलासा, नाहीतर नुसती नोंद.

सातपूर_शिफ्ट

एक बारका प्रश्न. ग्रुपवर कुणी खोटं टाकलं तर ॲडमिनला उचलतात म्हणे. ताई, तुम्ही अजून बाहेर कशा?

कोर्ट_बीट

सातपूरवाले, घाबरू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिनला केवळ तो ॲडमिन आहे म्हणून गुन्हेगार धरता येत नाही. दोघांचा मिळून तसा इरादा होता हे दाखवावं लागतं. टाकणाऱ्यावर मात्र कारवाई होऊ शकते. आधी भारतीय दंड संहितेचं ५०५ कलम होतं, आता न्याय संहितेचं ३५३.

मूळ प्रश्नाकडे येते. मी नाशिकमध्ये बरीच वर्षं न्यायालयाच्या बातम्या केल्यात, त्यामुळे माझी सवय कागदातून बघायची. सरकारने या विषयात सर्वांत मोठं पाऊल टाकलं ते बोलण्याचं नव्हतं, ठरवण्याचं होतं. एप्रिल २०२३ मध्ये आयटी नियमांत दुरुस्ती झाली. केंद्र सरकारच्या कारभाराबद्दलचा मजकूर खोटा, बनावट किंवा दिशाभूल करणारा आहे असं सरकारचंच फॅक्ट चेक युनिट ठरवणार, आणि त्यानंतरही समाजमाध्यम कंपनीने तो तसाच ठेवला तर लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी तिला जबाबदार न धरण्याचं कायदेशीर संरक्षण धोक्यात येणार. विनोदवीर कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड वगैरे मुंबई उच्च न्यायालयात गेले. ३१ जानेवारी २०२४ ला दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. गौतम पटेल यांनी नियम रद्द ठरवला, नीला गोखले यांनी वैध. २० मार्चला केंद्राने पीआयबीच्या युनिटला अधिकृत म्हणून अधिसूचित केलं, दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. मग तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ ला पटेलांच्या बाजूने कौल दिला आणि तो नियम गेला.

पीआयबीचं युनिट २०१९ पासून आहे, अजूनही चालू आहे. ते 'हे खोटं आहे' असं सांगू शकतं, कुणाला काढायला लावण्याची ती ताकद त्याच्याकडे राहिली नाही. माझ्या मते बरंच झालं. निफाडच्या भाऊंनी सांगितलेलं ९९,१५० टनांचं पत्रकच घ्या. त्यावर 'दिशाभूल' असा शिक्का मारायचा झाला तर मारणार कोण? ज्याने पत्रक काढलं तोच? वादातला एक पक्ष न्यायाधीशाच्या खुर्चीत बसला की तो खरं बोलत असतानाही लोक विश्वास ठेवत नाहीत, आणि सगळ्यांत महाग नुकसान तेच आहे.

म्हणून ताई, बैठकीत तुम्ही 'खोटं बोलणाऱ्यांना आवरा' अशी मागणी करू नका, ती करायला बरेच लोक असतील. 'तुम्ही बोला' अशी मागणी करा. तैवानचं उदाहरण सांगण्यासारखं आहे. तिथल्या सरकारी खात्यांनी स्वतःवर एक बंधन घालून घेतलं होतं, २-२-२ म्हणतात त्याला. अफवा दिसली की वीस मिनिटांत उत्तर, दोनशे अक्षरांच्या आत, दोन चित्रांसह. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथे अफवा उठली की मास्क बनवायला टॉयलेट पेपरचाच कच्चा माल लागतो, तेव्हा आता टॉयलेट पेपर संपणार. दुकानांतले रकाने रिकामे व्हायला लागले. पंतप्रधान सू त्सेंग-चांग यांनी स्वतःचंच व्यंगचित्र काढून घेतलं, पाठमोरं, जरा कंबर हलवतानाचं. मजकूर साधारण असा, की प्रत्येकाला बूड एकच असतं, साठा कशाला करता. आणि शेजारी तक्ता. टॉयलेट पेपरचा लगदा येतो दक्षिण अमेरिकेतून, मास्कचा माल देशातला. लोक हसले, चित्र मूळ अफवेपेक्षा जास्त फिरलं. आपल्याकडे कुठला मंत्री स्वतःचं असं चित्र काढू देईल, हा प्रश्न मला विचारू नका.

वेग का लागतो तेही सांगते. एमआयटीच्या तिघा संशोधकांचा अभ्यास २०१८ मध्ये 'सायन्स' मासिकात आला होता. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या बातम्यांत खऱ्या बातमीला पंधराशे माणसांपर्यंत पोचायला खोटीच्या साधारण सहापट वेळ लागला. आणि हा फरक माणसांमुळे होता, यंत्रांमुळे नव्हे.

देवळाली_तोफखाना

निवृत्त आहे. आडनाव विचारू नये.

कोर्टवाल्या ताईंचं वीस मिनिटांचं ठीक आहे, टॉयलेट पेपरपुरतं. लढाई चालू असताना वीस मिनिटांत खरं सांगणं म्हणजे शत्रूला त्याचा गोळा कुठे पडला ते सांगणं. आम्ही तोफखान्यात यालाच पैसे घेतो, आपला गोळा कुठे पडला ते कळावं म्हणून पुढे निरीक्षक बसवतो. तुम्ही धुराचा व्हिडिओ टाकलात की समोरच्याला फुकटचा निरीक्षक मिळाला. २६/११ ला चॅनलवरचं थेट प्रक्षेपण सीमेपलीकडे बसून बघत होते आणि फोनवर आतल्या अतिरेक्यांना सांगत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कसाबच्या निकालात वाहिन्यांचे कान उपटले ते त्यासाठीच. २६ एप्रिल २०२५ ला माहिती-प्रसारण खात्याने सैन्याच्या हालचाली थेट दाखवू नका म्हणून सूचना काढली. तिच्यात कारगिल, २६/११ आणि कंदाहारचा दाखला होता. आणि तरी ८ मेच्या रात्री आपल्याच काही वाहिन्यांनी कराची बंदर उडवून दिलं, बसल्या जागी. माझ्या नातवाने मला एक व्हिडिओ दाखवला, विमान पाडतानाचा. मी दोन सेकंदांत सांगितलं, हे खरं नव्हे. तोफेला धक्काच बसत नव्हता. 'आर्मा ३' नावाचा संगणकावरचा खेळ निघाला. तशा क्लिपा त्या आठवड्यात दोन्ही देशांत फिरत होत्या.

तेव्हा पहिल्या तासात काय बोलावं? माझं उत्तर: पुढच्या वेळी कधी बोलणार ते बोला. "आत्ता एवढंच. पुढची माहिती सायंकाळी सहाला." आणि सहाला या. नवीन काही नसलं तरी या. ७ मेला परराष्ट्र सचिव विक्रम मिसरी, कर्नल सोफिया कुरेशी, विंग कमांडर व्योमिका सिंह बसले, नंतरचे दिवसही बसले. तेवढा वेळ माझ्या घरी टीव्हीवर आरडाओरडा नव्हता. माणसं मोजकं बोलली. जे सांगायचं नव्हतं ते नाही सांगितलं. ११ मेला हवाई दलाच्या एअर मार्शल भारतींना आपली विमानं पडली का विचारलं तर म्हणाले, आपण लढाईच्या स्थितीत आहोत आणि नुकसान हा लढाईचा भाग असतो. तपशील दिला नाही. पण "एकही पडलं नाही" असंही म्हटलं नाही. यातला फरक शिकण्यासारखा आहे. गप्प राहायची मुभा आहे, खोटं बोलायची नाही.

दुसरं, पंजाबातला अदमपूरचा हवाई तळ. तिथली एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा उद्ध्वस्त केली असा पाकिस्तानचा दावा होता. १३ मेला पंतप्रधान अदमपूरला गेले, मागे एस-४०० उभी. खुलाशाचं पत्रक काढायची गरज राहिली नाही.

कोर्ट_बीट

सर, गप्प राहण्याच्या मुभेलाही मुदत असते ना? ११ मेचं ते वाक्य आणि ३१ मेला सिंगापूरमध्ये संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी विमानं गमावल्याचं मान्य करणं, यात जवळपास तीन आठवडे गेले. सहा पडली हा पाकिस्तानचा दावा त्यांनी फेटाळला, पण तोवर जगभर तोच आकडा घोळवला गेला होता, कारण समोर दुसरं काही नव्हतं. शिवाय आपल्याला ते परदेशी वाहिनीच्या मुलाखतीतून कळलं. घरच्या माणसाला आधी सांगायला हवं होतं.

देवळाली_तोफखाना

शेवटचं वाक्य मान्य. मुदतीचं नाही. शस्त्रसंधी झाली म्हणून विश्लेषण संपत नाही. काय चुकलं ते दुरुस्त व्हायच्या आधी का सांगायचं? जनरलसाहेब म्हणाले तसं, का पडली ते महत्त्वाचं. ते आधी स्वतःला कळू द्या.

पिंपळनेरकर

मी सटाण्याला शिक्षक आहे, मूळचा पिंपळनेरचा. तुमच्या चर्चेत ट्विटर, तैवान, दिल्ली सगळं आलं. राईनपाडा आला नाही.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडे बाजार. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण बाजारात आले. भिक्षेवर जगणारा, गावोगाव फिरणारा समाज. मुलं पळवणारी टोळी फिरते असे मेसेज आणि व्हिडिओ कित्येक दिवस मोबाईलवर येत होते. गर्दीने पाचही जणांना मारत नेऊन ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथे ठार केलं. त्याच सुमारास आपल्या नाशिक जिल्ह्यात, मालेगावात, एका कुटुंबाला गर्दीने असंच घेरलं होतं, सोबत लहान मूल. तिथे पोलीस वेळेत पोचले आणि ते वाचले.

त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात देशात अशा बऱ्याच घटना झाल्या, तेव्हा कुठे जुलैमध्ये व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवायची मर्यादा घातली. 'फॉरवर्डेड' ही खूणही त्याच महिन्यातली. पुढे एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी, असं केलं. म्हणजे कंपनीला हे करता येत होतं. संदेश आतून वाचता येत नाही असं ती सांगते ते खरं, पण वेग कमी करायला वाचावं लागत नाही.

मला सांगायचं ते वेगळंच. त्या बाजारातला माणूस पीआयबी बघत नाही. आमच्याकडे घरात अहिराणी, पाड्यावर भिल्ल-कोकणी बोली. मेसेज मराठीत किंवा हिंदीत येतो, पण तो पसरतो बोलीत, चहाच्या टपरीवर, जीपमध्ये. खुलासा येतो इंग्रजी चौकटीत लाल शिक्का मारून, आणि ज्या चित्रावर शिक्का मारलाय ते चित्र सगळ्यांत मोठं. आमच्या शाळेतल्या एका पालकाने असाच एक खुलासा मला 'बघा सर, सरकारनेच फोटो टाकलाय' म्हणून दाखवला होता. त्याला तो शिक्का वाचताच आला नाही.

पाड्यावर ज्याचं ऐकतात तो म्हणजे पोलीस पाटील, आशा, बाजारातला किराणावाला, थोडंफार आम्ही मास्तर. पोलीस पाटलाला अफवा गावकऱ्यांकडून कळते आणि खुलासा दुसऱ्या दिवशी पेपरातून. त्याला तो आधी कळला तर तो बाजारात उभा राहून बोलेल. देशपातळीवरची रीत विचारता, तर तिचं शेवटचं टोक हेच आहे. ते टोक मोकळं सोडलंय.

सातपूर_शिफ्ट

मास्तर, हे वाचून जरा गप्प झालो. पण एक सांगतो. आमच्या कंपनीत सायरन वाजला की कुणी गुगल करत नाही. कारण आधी शिकवलंय, असा वाजला तर गेटकडं चालायचं.

देवळाली_तोफखाना

सातपूरवाल्यांनी नेमकं बोट ठेवलं. नागरी संरक्षणाचा भोंगा. दोन मिनिटं वर-खाली होणारा आवाज म्हणजे धोका, दोन मिनिटं एकसुरी आवाज म्हणजे धोका टळला. अर्थ आधी ठरलेला. भाषा नाही, चित्र नाही, वाद नाही. सरावाची गरज होती ती यासाठी. ७ मेला भोंगा वाजला, पण किती जणांना दोन आवाजांतला फरक सांगितला गेला? जेलरोडच्या ताईंना विचारा.

स्वीडनने घरोघरी एक पुस्तिका वाटली, २०१८ ला आणि परत २०२४ ला. युद्ध किंवा संकट आलं तर काय करायचं याची. त्यात एक वाक्य आहे की देशावर हल्ला झाला तर प्रतिकार थांबवण्याविषयीची कुठलीही बातमी खोटी समजावी. शांततेत छापून ठेवलं. उद्या तिथे कुणी बनावट व्हिडिओत पंतप्रधानांना शरणागती पत्करायला लावली तरी त्याचं उत्तर आधीच घराघरात आहे. युक्रेनमध्ये मार्च २०२२ मध्ये झेलेन्स्कींचा असाच बनावट व्हिडिओ आला होता.

जेलरोडची ॲडमिन

काका, तुम्ही विचारलंत म्हणून खरं सांगते. आमच्या सोसायटीत त्या दोन आवाजांतला फरक तेव्हा कुणालाच माहीत नव्हता. तोफखान्यातल्या वहिनींना सोडून.

सगळ्यांचं वाचून मी कुंभाकडे वळते, कारण बैठक त्याची आहे. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, अमृतस्नानं २०२७ मध्ये: २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट, मग ११ सप्टेंबरला नाशिकला आणि १२ ला त्र्यंबकला. २००३ च्या कुंभात २७ ऑगस्टला काळाराम मंदिराच्या परिसरातल्या गल्लीत चेंगराचेंगरीत काय झालं ते पंचवटीतल्या लोकांना सांगायला नको. तेव्हा खिशात मोबाईल फार थोड्यांच्या होता. आता प्रत्येकाच्या खिशात आहे. प्रयागराजला २९ जानेवारी २०२५ ला पहाटे चेंगराचेंगरी झाली आणि तीस जण गेल्याचा अधिकृत आकडा संध्याकाळी आला. मधला अख्खा दिवस लोक आपापले आकडे लावत होते. तो आकडा अपुरा आहे असं म्हणणारे आजही आहेत, आणि ते म्हणणं त्या एका दिवसामुळे इतकं चिकटलं असं मला वाटतं.

त्याच्या आदल्याच आठवड्यात, २२ जानेवारीला, पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली. लोकांनी खाली उड्या मारल्या आणि शेजारच्या रुळावरून येणाऱ्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडले. तिथे कुठलं व्हॉट्सॲप नव्हतं. डब्यातली ओरड होती आणि काय झालंय ते सांगणारा आवाज नव्हता. त्यामुळे सगळा दोष मोबाईलवर ढकलायला मी तयार नाही.

तर मी असं मागणार आहे. गोदाघाटावर, सीबीएस बसस्थानकावर, नाशिकरोड स्टेशनवर स्नानाच्या दिवशी दर अर्ध्या तासाला एकाच आवाजात घोषणा, काही घडलेलं असो नसो. काही घडलंच नाही तर 'काही नाही, सगळं सुरळीत' एवढं तरी. म्हणजे घोषणा चुकली की लोकांना कळेल काहीतरी आहे, आणि प्रशासनालाही ती चुकवता येणार नाही. मराठी, हिंदी, आणि गुजराती-तेलुगूसुद्धा, कारण दोन्हीकडची माणसं येतात. काही घडलंच तर आकडा नसला तरी रस्ता सांगा, कुठे जाऊ नका, नातेवाईक हरवले तर कुठे विचारा. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या प्रत्येक मेसेजवर तारीख आणि वेळ मोठ्या अक्षरात. आमच्या ग्रुपवर २०१५ च्या कुंभातला वाहतूक बदलाचा मेसेज अजून अधूनमधून येतो, तारीख नाही म्हणून. आणि मास्तरांचं: वस्तीतल्या वीस-पंचवीस जणांना, म्हणजे रिक्षा स्टँडवाले, दूधवाले, पुरोहित, हॉटेलवाले, आमच्यासारखे ॲडमिन, यांना खुलासा आधी मिळावा. बातमीच्या आधी. ऐकतील का, माहीत नाही.

कांदा_निफाड

अर्धा तास लई झाला ताई. २ ऑगस्टला सोमवार आहे आणि सोमवती अमावस्या, गर्दीचा अंदाज करा. पंधरा मिनिटं मागा, अर्धा तास मिळंल. बाजारात बोली अशीच लावतात.

देवळाली_तोफखाना

पंधरा योग्य. आणि घोषणा करणारा माणूस बदलू नये. आवाज ओळखीचा झाला पाहिजे.

कोर्ट_बीट

मागणी लेखी द्या, पोच घ्या. तोंडी मागणीची बातमी होत नाही.

सातपूर_शिफ्ट

ताई, तुमचा हा वरचा मजकूर आमच्या ग्रुपवर टाकू का?

जेलरोडची ॲडमिन

टाका. तारीख घालून टाका. आणि त्याच्याखाली ओझर-देवळालीची यादी जोडू नका म्हणजे झालं.